घर घेताना आधी काय पाहावे?



कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत घर घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या हाती सर्वप्रथम पडते ती गुळगुळीत कागदावरची माहितीपुस्तिका. तीत डोंगराचे दर्शन असते, तरणतलाव असतो, व्यायामशाळा असते. मुंबईचे अंतर मिनिटांत दिलेले असते; ती मिनिटे कोणत्या वाहनाने आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी मोजली, याचा उल्लेख मात्र नसतो. पक्षाच्या कार्यकर्त्याकडे सल्ल्यासाठी येणारे कुटुंब बहुधा ही पुस्तिका घेऊनच येते. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज ज्या वस्तूत घालायचे, तिची निवड चित्रे पाहून व्हावी, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

निवडीचा क्रम ठरविण्यास एक साधी कसोटी पुरे होते. घराचे जे अंग मागाहून पदरच्या पैशाने बदलता येते, ते शेवटी पाहावे. ओटा बदलता येतो, फरशी बदलता येते, खिडकीला जाळी लावता येते. परंतु घर ज्या उतारावर उभे आहे तो उतार, शेजारून वाहणारी नदी, पायाखालच्या जमिनीची मालकी आणि कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर या चार गोष्टी कोणत्याही गवंड्याला बदलता येत नाहीत. माहितीपुस्तिकेत नेमका याच चार गोष्टींना सर्वांत कमी मजकूर मिळतो.

यांपैकी अंतराचा विचार गिरणी कामगारांनी सर्वांना शिकविला आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि घरासाठी दीड लाखाहून अधिक अर्ज सरकारदप्तरी जमा झाले. मार्च 2024 मध्ये सरकारने त्यांच्यासाठी कर्जत तालुक्यातील शेलू आणि शेजारच्या वांगणी येथे मिळून 81 हजार घरे बांधण्याचा निर्णय घेतला. 9 जुलै 2025 रोजी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले. हा निर्णय रद्द करावा आणि घरे मुंबईतच द्यावीत, अशी त्यांची मागणी होती.

‘फुकट्याला निवड कसली,’ असा शेरा त्या वेळी काही सुखवस्तू मंडळींनी मारला. हा शेरा मारणाऱ्यांनी शेलूहून मुंबईची सकाळची गाडी एकदा पकडावी. सुमारे 80 किलोमीटरांचा हा प्रवास एका बाजूने पावणेदोन तासांच्या घरात जातो. कामगाराच्या मुलाचे दिवसाचे साडेतीन तास त्यात खर्ची पडतात आणि गाडी चुकली तर खाडा पडतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या कामगाराला इस्पितळ, ओळखीचा दुकानदार, लेकीचे घर हे सारे लालबाग-परळच्या चार गल्ल्यांत सापडते. भिंती आणि छप्पर शेलूलाही मिळाले असते. पण घराचे सर्वांत मोलाचे अंग त्याचा पत्ता असतो, हे त्या वृद्धांना चांगले ठाऊक होते. ज्याचे काम कर्जत-खोपोलीच्या पट्ट्यातच आहे, त्याच्या बाबतीत हाच हिशोब उलटा होतो. त्याने शेलू, नेरळ किंवा पळसदरी निःशंकपणे पाहावे.

दुसरी गोष्ट उताराची. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ठाकर आदिवासींची ती वस्ती. सत्तावीस मृतदेह हाती लागले. उरलेल्या 57 जणांचा शोध चार दिवसांनी थांबविण्यात आला. वाडीला गाडीरस्ता नव्हता, मदतपथके चिखलातून डोंगर चढून गेली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. माळीणमध्ये 2014 साली आणि तळियेत 2021 साली जे घडले, त्यानंतरही नव्हते. म्हणून यादीत नाव नाही एवढ्यावर निर्धास्त राहणे धोक्याचे. डोंगर कापून सपाटी केली आहे काय, वरच्या अंगाचा ओढा बुजविला आहे काय, जमिनीला भेगा आहेत काय, हे पावसाळ्यात जागेवर जाऊन पाहावे. उन्हाळ्यात पाहिलेले घर निम्मेच पाहिलेले असते. उल्हास नदीने 2005 आणि 2019 च्या जुलैमध्ये आपले पात्र कोठवर आहे ते दाखवून दिले आहे. 2019 साली महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ याच पाण्यात अडकली होती. पाटबंधारे खाते नदीकाठी पूररेषा आखते. निळ्या रेषेच्या आत घर येत असेल तर किंमत कितीही उतरली तरी व्यवहार सोडून द्यावा.

पाण्याचे दुसरे टोक उन्हाळ्यात दिसते. धो धो पावसाच्या या तालुक्यांत एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. खालापुरातील मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागविते, आणि इर्शाळगड त्याच धरणाच्या काठाशी उभा आहे! तेव्हा तरणतलावाची लांबी विचारण्याआधी नळाचे पाणी कोणत्या योजनेचे, की सारी भिस्त कूपनलिकेवर, हे विचारावे.

मालकीबाबत कायद्याने ग्राहकाच्या हाती पुष्कळ दिले आहे. स्थावर संपदा कायदा 2016 साली झाला, महारेरा मे 2017 पासून काम करू लागले. या कायद्याखाली करार नोंदविल्यावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. बांधकामातील दोष ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बिल्डरला स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. मात्र शेतघराच्या नावाखाली पाडलेल्या तुकड्यांचे प्रकरण निराळे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास कूळकायद्याच्या कलम 63 ची आडकाठी आहे. आदिवासीच्या जमिनीचे हस्तांतर जमीन महसूल संहितेच्या कलम 36 व 36 अ ने बांधलेले आहे. सातबाऱ्यावर पूर्वी कोणा आदिवासीचे नाव असेल तर जुने फेरफार काढल्यावाचून एक पैसाही देऊ नये. यात केवळ ग्राहकाच्या पैशाचे रक्षण नाही. स्वस्त म्हणून घेतलेल्या त्या तुकड्याखाली कुणाचे तरी शेत गेलेले असते.

आणि ज्याच्यापुढे कोणतीच पुस्तिका येत नाही, तो कातकरी? या भागातील कित्येक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत, तिच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचेच नाव आहे. जमिनीला भाव नव्हता तोवर मालक काही बोलत नव्हता. द्रुतगती मार्ग झाला, विमानतळाची चाहूल लागली, आणि कुंपणे पडू लागली. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांना घरकुल मंजूर होऊ शकते, परंतु घरकुल बांधायला स्वतःची जागा लागते. शहरातले कुटुंब घराची दहा वैशिष्ट्ये तोलते, कातकऱ्याला त्यांतले पहिलेच मिळत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 122 खाली गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्यासाठी वाडीतील घरांची मोजणी, जुन्या मतदारयाद्या, घरपट्टीच्या पावत्या आणि ग्रामसभेचा ठराव जोडून प्रस्ताव तयार करावा लागतो. हे काम दोन तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी वाडीवार वाटून घेतले, तर येत्या पावसाळ्याच्या आत निदान पहिले प्रस्ताव अलिबागला पोहोचतील.