दूरध्वनीवरील वैद्यकीय सल्ला आणि रुग्णाचे समाधान
(बुलढाणा येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



अपस्मार, कंपवात यांसारखे मज्जासंस्थेचे विकार वर्षानुवर्षे सोबत करणारे असतात, आणि त्यांचे विशेषज्ञ बहुधा मोठ्या शहरी. लोणार वा संग्रामपूरकडील कुटुंबास अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे, सोबतीस माणूस आणि एस. टी.चा प्रवास हे आलेच. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या प्रारंभी, केंद्र शासनाने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि दूरध्वनीवरील सल्ल्यास स्पष्ट नियम लाभले. घरबसल्या सल्ला मिळाला म्हणून पुष्कळ जण समाधान व्यक्त करतात. हे समाधान खरे केव्हा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

अपस्माराचे निदान बव्हंशी हकिकतीवर अवलंबून असते. वैद्यासमोर झटका क्वचितच येतो. तो किती वेळ टिकला, जीभ चावली गेली काय, हे पाहणाराच सांगू शकतो. म्हणून एकदा प्रत्यक्ष तपासणी झाल्यावर पुढील विचारपूस दूरध्वनीवर चांगली होऊ शकते. कंपवातात मात्र सांध्यांचा ताठरपणा हाताने पाहावा लागतो. आणि अकस्मात तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, वाचा अडखळली, तर सल्ला विचारीत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

परंतु याहून मोठी अडचण आपल्याच घरात आहे. फेफऱ्याचा उच्चार आपण अद्याप दबक्या आवाजात करतो, कारण विवाह जुळावयाचा असतो. मुलीच्या वतीने वडील बोलतात, पुढे पती बोलतो. 'ठीक आहे' एवढ्यावर संभाषण आटोपते. कुटुंब समाधान पावते आणि रुग्ण मूकच राहते. सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात. औषध एकाएकी थांबविल्यास झटक्यामागून झटके येऊन प्राणावर बेतू शकते. व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भास अपाय करू शकते. म्हणून अपत्याचा विचार वैद्यास आधी कळविणे अगत्याचे, आणि तोवर औषध आपल्या मनाने सोडणेही घातकच. या गोष्टी दुसऱ्याच्या मुखाने कशा सांगितल्या जाणार?

हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली घातलेली अपस्माराची अट १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. कायद्याने जे सोडले ते वधूवरांच्या बैठकीत आपण का धरून बसावे?

म्हणून आमची विनंती अशी. एक वही ठेवावी. तीत झटक्याची तारीख, त्याचा अवधी आणि चुकलेल्या गोळ्या लिहाव्यात. दूरध्वनी करताना जुनी चिठ्ठी जवळ असावी. बोलता येत असेल तर प्रथम रुग्णानेच बोलावे, हवे तर एकांतात. घरच्यांनी मागाहून फक्त आपण पाहिलेले सांगावे. शेवटी, प्रत्यक्ष तपासणीस केव्हा यावे, हे वैद्यास विचारून घ्यावे.

संभाषण संपल्यावर सल्ला समाधानकारक वाटला काय, हे आपण घरातील कर्त्या पुरुषास विचारतो. ते यापुढे त्या मुलीस विचारावे, इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.