तीन दुभाषे आणि गढूळ पाणी

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त डेराबस्सी येथे मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घग्गरच्या काठी, कारखान्यांच्या या गावात ग्रीक आणि रोमन तत्त्वज्ञानाचा विषय निघावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु येथून पश्चिमेकडे निघालेला प्रवासी सतलज ओलांडून बियासच्या तीरावर पोहोचतो, आणि त्याच नदीवर इ. स. पू. ३२६ मध्ये अलेक्झांडरच्या थकलेल्या सैन्याने पुढे येण्यास नकार दिला. त्या मोहिमेत नुसते भालाईत नव्हते. पुढे ग्रीसमध्ये संशयवादाचा आद्य पुरस्कर्ता ठरलेला पिऱ्हो तीत होता, आणि डायोजिनिसचा शिष्य ओनेसिक्रिटसही होता.

या ओनेसिक्रिटसला तक्षशिलेजवळच्या दिगंबर तपस्व्यांकडे पाठविण्यात आले. त्याने केलेले वर्णन मूळ स्वरूपात उरले नाही. भूगोलकार स्ट्रॅबोने त्याचा सारांश दिला आहे. नगराबाहेर पंधरा माणसे निरनिराळ्या आसनांत उन्हात स्थिर होती. त्यांतील कालानोसने पाहुण्याला फर्मावले, की ऐकायचे असेल तर आधी अंगावरची वस्त्रे उतरव. वयोवृद्ध मंडनिस मात्र सौम्य होता. ओनेसिक्रिटसने त्याला पायथागोरस, सॉक्रेटिस आणि डायोजिनिस यांची माहिती सांगितली. माणसे शहाणी होती, असे मंडनिसने मान्य केले. पण निसर्गापेक्षा लोकरूढीला त्यांनी अधिक मान दिला, ही त्यांची चूक, असेही तो म्हणाला.

मंडनिसची दुसरी तक्रार याहून मोलाची आहे. संभाषण तीन दुभाष्यांमार्फत चालले होते. दुभाष्यांना भाषा येत होती, विषय येत नव्हता. अशा मार्गाने उपदेश पोहोचविणे म्हणजे चिखलातून स्वच्छ पाणी वाहण्याची अपेक्षा करणे होय, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले. भारत आणि ग्रीस यांच्या वैचारिक भेटीचे जे सर्वांत जुने वृत्तांत आपल्यापर्यंत आले, त्यांतच हे भाषेविषयीचे गाऱ्हाणे नोंदले गेले आहे.

पुढे याच पंजाबात, सागल नगरीत, दुसऱ्या शतकात (अर्थात इसवी सनापूर्वीच्या) मिनँडर नावाचा ग्रीक राजा राज्य करीत होता. बौद्ध परंपरेने त्याला मिलिंद म्हटले. भिक्खू नागसेनाशी झालेला त्याचा संवाद ग्रीकमध्ये नव्हे, तर पालीत टिकला. त्यातील रथाचा दृष्टान्त सर्वत्र सांगितला जातो. त्याहूनही लक्षणीय आहे ती चर्चेपूर्वी ठरलेली अट. वाद पंडितांसारखा व्हावा, राजासारखा नव्हे. कारण पंडित खोडून काढला गेला तरी रागावत नाही, राजा मात्र विरोधकाला शिक्षा फर्मावतो. ही अट राजाने मान्य केली. अथेन्सच्या बाजारपेठेत सॉक्रेटिस ज्या अटीवर बोलत असे, तीही याहून फार निराळी नव्हती. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालय आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघेही मराठवाड्याच्या शैक्षणिक जीवनात असे स्थिरावले.

मंडनिसच्या गाऱ्हाण्याला खरे उत्तर शोधले ते रोमने. रोमने ग्रीस तलवारीने जिंकला खरा, पण विचार करायचा तो ग्रीकमध्येच, अशी रोमन सुशिक्षितांची रीत पडली. लॅटिन शेतीची, सैन्याची आणि कायद्याची भाषा. तत्त्वज्ञान तिला पेलणार नाही, अशी समजूत होती. कवी ल्युक्रीशियसनेही आपल्या पूर्वजांच्या भाषेच्या दारिद्र्याबद्दल खंत व्यक्त केली. मात्र ती खंत त्याने लॅटिनमध्येच, एका प्रदीर्घ तत्त्वज्ञानविषयक काव्यात व्यक्त केली, हे विसरता येत नाही.

सिसेरोने ही समजूत मुळातूनच नाकारली. सीझरच्या सत्तेमुळे त्याला राजकारणात स्थान उरले नव्हते, इ. स. पू. ४५ च्या आरंभी त्याची कन्या तुलिया निवर्तली. त्या दुःखात, ४५ आणि ४४ या दोन वर्षांत, त्याने ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. त्याच्याच एका संवादात विद्वान व्हॅरो आक्षेप घेतो, की ज्यांना ग्रीक येते ते मूळ ग्रंथ वाचतील आणि ज्यांना ग्रीकचा तिटकारा आहे ते लॅटिनमधलेही वाचणार नाहीत; मग लिहायचे कोणासाठी? मराठी माध्यमाच्या प्रत्येक शाळेच्या चालकांनी हा आक्षेप कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ऐकलेला असतो. सिसेरोचे उत्तर असे, की लॅटिन कवींनी ग्रीक नाटके आपल्या भाषेत आणली तेव्हा लोकांनी ती आनंदाने वाचली. मग तत्त्ववेत्त्यांनीच काय पाप केले?

शब्द नव्हते, तेथे त्याने ते घडविले. वस्तूचे ‘कसेपण’ दाखविणारा ग्रीक शब्द प्लेटोच्या एका संवादात प्रथम येतो, आणि तेथे तो वापरताना सॉक्रेटिस, हा शब्द चमत्कारिक वाटत असेल, अशी पुस्ती जोडतो. सिसेरोने त्याच्या धर्तीवर लॅटिनमध्ये ‘क्वालितास’ हा शब्द बनविला. नीतीविषयक या अर्थाचा ‘मोरालिस’ हाही त्याचाच. डेराबस्सीच्या औषधनिर्मितीच्या कारखान्यांत ‘क्वालिटी कंट्रोल’ विभागात काम करणारा मराठी रसायनतज्ज्ञ दररोज सिसेरोचा शब्द उच्चारतो. एकेकाळी तोही कानाला खुपणारा, ‘बोजड’ पारिभाषिक शब्द होता. मराठी परिभाषेला हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

अर्थात स्वभाषेचा हा पक्ष एकांगी करून चालणार नाही. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस याने सीमेवरील लष्करी छावण्यांत स्वतःसाठी जी टिपणे लिहिली, ती ग्रीकमध्ये. लॅटिन त्याची जन्मभाषा होती, तरी मनाशी बोलताना त्याने परकी भाषा निवडली आणि त्यामुळे ती टिपणे उणी ठरली नाहीत. त्याचा आदर्श एपिक्टेटस हा पूर्वाश्रमीचा गुलाम. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही याचा विवेक करावा, स्वतःचा निर्णय आपल्या हाती असतो, कीर्ती, संपत्ती आणि शरीरसुद्धा नसते, ही त्याची शिकवण. त्याने स्वतः एक ओळही लिहिली नाही. त्याचा शिष्य एरियन वर्गातील बोलणे टिपून घेई. आणि ते त्याने जुन्या अथेनियन ग्रंथभाषेत न घोटता गुरूच्या तोंडच्या रोजच्या बोलीतच ठेवले. अलेक्झांडरच्या मोहिमेचा आणि बियासवरील माघारीचा विश्वसनीय इतिहास ज्याच्याकडून मिळतो, तो एरियन हाच.

महाराष्ट्रात हे काम कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी केले. संस्कृत पाठशाळेत घडलेल्या या पंडिताने १८५२ साली ‘साक्रेतीसाचे चरित्र’ मराठीत प्रसिद्ध केले. मुंबई विद्यापीठ स्थापन होण्यास तेव्हा पाच वर्षांचा अवकाश होता. पदवीधर मराठी माणूस अस्तित्वात येण्यापूर्वीच अथेन्सचा सॉक्रेटिस मराठी बोलू लागला होता! पुढे १८५५ मध्ये ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ आणि १८६१ मध्ये ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ ही त्यांची पुस्तके आली. ही शीर्षकेच सांगतात, की शब्द घडविण्याचे सिसेरोचे ओझे त्यांनीही वाहिले. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री मराठीचे कट्टर अभिमानी. परंतु १८८० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह पुण्यात काढलेल्या शाळेचे नाव न्यू इंग्लिश स्कूल असे होते. मार्कस ऑरेलियसची आठवण व्हावी अशी ही विसंगती आहे, आणि ती सोडविण्याची घाई करण्याचे कारण नाही.

स्वभाषेत आलेल्या विचाराचे बळ कळण्यास एक प्रसंग पुरेसा आहे. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसने न्यायासनासमोर केलेले भाषण प्लेटोने लिहून ठेवले आहे. १९०८ साली महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्याचा गुजराती सारांश दिला आणि सॉक्रेटिसला सत्यवीर म्हटले. १९१० मध्ये मुंबई सरकारने ती पुस्तिका ‘हिंद स्वराज्य’बरोबर जप्त ठरविली. इंग्रजी प्लेटो ग्रंथालयांच्या कपाटांत निर्वेध उभा होता. सरकारला धास्ती वाटली ती गुजराती बोलणाऱ्या सॉक्रेटिसची.

शेवटी पालकांसाठी सिसेरोचीच एक घरगुती हकीकत. त्याचा मुलगा मार्कस शिक्षणासाठी अथेन्सला होता. ग्रीक गुरू, ग्रीक भाषा, ग्रीक मित्र. इ. स. पू. ४४ मध्ये पित्याने त्याच्यासाठी कर्तव्याविषयीचा ग्रंथ लिहिला, तो लॅटिनमध्ये, आणि आरंभीच बजावले, की ग्रीक शिक, पण तिच्या जोडीने लॅटिनही चालू ठेव. ज्या घरांत मुले शाळेत इंग्रजी, मैदानावर पंजाबी आणि गल्लीत हिंदी बोलतात, त्या घरांना या पत्रवजा ग्रंथाची निकड वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

त्या ग्रंथात एक प्रश्न आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन एक व्यापारी तेथे पोहोचतो. मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? स्टोइक पंथाच्या दोन आचार्यांत यावर मतभेद होता. लपविणे आणि न सांगणे वेगळे, असे एकाचे म्हणणे. ज्याला माणसांच्या हितासाठी झटायचे आहे त्याने ते लपवू नये, असे दुसऱ्याचे. सिसेरोने दुसऱ्याचा पक्ष घेतला. पंजाबच्या कोणत्याही दाणामंडीत हा प्रश्न मांडला, तर त्यावर आजही संध्याकाळपर्यंत वाद रंगेल.

ग्रंथ पूर्ण झाल्यावर वर्षभरातच, इ. स. पू. ४३ च्या डिसेंबरात, सिसेरोची हत्या झाली. मुलगा पुढे कॉन्सल झाला. मात्र प्लिनीने त्याची आठवण ठेवली आहे ती मद्यपानातील विक्रमासाठी. वडिलांनी लिहिलेले त्याने किती वाचले, हे कोठेही नोंदलेले नाही.