पहिला चीक

बंगळूरची चिकपेट म्हणजे कापडाची पेठ. आसपास भावसार, नामदेव शिंपी अशी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घराणी. कानडीत ‘चिक्क’ म्हणजे धाकटी; मराठी कानाला मात्र त्या नावात चीक ऐकू येतो. श्रोतेहो, गाईच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटतो. बाळंतिणीचा पिवळसर, घट्ट चीक मात्र कित्येक घरांत ‘नासका’ म्हणून पिळून टाकला जाई, आणि तान्ह्याला मधाचे बोट चाटवीत. मधात क्वचित असे जंतू असतात की, वर्षाच्या आतील मुलाच्या ते जिवावर बेततात! चीक असतो चमचा-दोन चमचेच. पण रोगांशी झुंजणारी द्रव्ये त्यात दाटलेली असतात, आणि नवजात पोट तरी केवढेसे? म्हणून ‘दूध उतरलेच नाही’ ही सासूबाईंची पहिल्या दिवसाची चिंता बहुधा अस्थानी असते. तासाभरात बाळाला छातीशी द्यावे. ते ओढील तसे दूध वाढते. सहा महिने वरचे पाणीही नको.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कधी आईचे दूध मिळत नाही. त्यांच्यासाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी निघाली. चिकपेटेजवळच्या वाणीविलास रुग्णालयात २०२२ मध्ये. तेथे परक्या माउलीने दिलेले दूध निर्जंतुक करून थेंबाथेंबाने पाजतात.