कामगार गिऱ्हाईक आणि दुकानदाराचे कूपन

(मंडळाच्या नागपूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



व्यासपीठावर वकील, प्राध्यापक अशी विद्वान मंडळी विराजमान असताना एका किराणा दुकानदारास भाषणास उभे करावे, हे धाडस आपल्या चिटणीसांनी केले आहे. त्याचे बरेवाईट त्यांच्याच पदरी. मला दिलेला विषय मात्र माझ्या गल्ल्यावरचा आहे. दुकानाची जाहिरात व्हावी आणि श्रमिक वस्तीतील गिऱ्हाईक आपलेसे व्हावे म्हणून दुकानदार जी कूपने वाटतो, त्यांविषयी मी दोन शब्द बोलावे अशी त्यांची आज्ञा आहे. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरे आजही दुकानदारीवर चालतात आणि त्यांतली बरीच दुकाने अशा वस्त्यांतच आहेत. तेव्हा हा विषय करमणुकीचा नाही, हे आपण जाणताच.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो. कूपन ही विलायतेहून आलेली वस्तू आहे असे आपण समजतो, ते अर्धेच खरे आहे. नाव परके आहे. वस्तू आपल्या ओळखीची आहे. व्यापाऱ्याने कागदावर लिहून द्यावे आणि तो कागद पुढे आला की लिहिल्याप्रमाणे द्यावे, याला आपले वाडवडील हुंडी म्हणत. हुंडी दर्शनी असे, मुदती असे. दर्शनी हुंडी दाखविताक्षणी पटवावी लागे. मुदती हुंडी मुदत भरल्यावर. ज्याची हुंडी एकदा सकारली गेली नाही, त्याची पत बाजारातून उठली. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या हाती दिलेले कूपन ही दोन रुपयांची का होईना, हुंडीच आहे. फरक इतकाच की पेढीवाल्याची हुंडी दुसऱ्या पेढीवाल्याकडे जाई आणि तिच्यामागे सारा बाजार उभा असे. आपली हुंडी जाते ती एका मजुराच्या बायकोच्या पदराच्या गाठीत. ती सकारली नाही तर बाजारात बोभाटा होत नाही. म्हणूनच ती नाकारण्याचा मोह आपणांस होतो.

हा मोह मला झाला होता. त्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९७४ साल. आमचे दुकान गोळीबार चौकापासून हाकेच्या अंतरावर होते. गिऱ्हाईक बहुतेक मिलमधले; काही हातमागावर बसणारे कोष्टी. मिलचा भोंगा झाला की आमच्या फळीपुढे गर्दी व्हावी, हा नित्याचा क्रम. त्या वर्षी मी एकवीस वर्षांचा होतो आणि एका कापड-दुकानाची योजना पाहून मी वडिलांच्या मागे लागलो की आपणही कूपने काढू. पाच रुपयांच्या रोख खरेदीस एक कूपन. वीस कूपने जमली की स्टीलचा एक पेला. त्या दिवसांत स्टीलच्या भांड्याचे अप्रूप केवढे होते, हे येथील वडीलधाऱ्या भगिनी सांगतील. घाऊकीत पेला आम्हांस दोन रुपयांच्या आसपास पडे. कूपनाच्या पाठीवर मी मोठ्या ऐटीने मुदत छापविली होती: महिन्याच्या अखेरीपर्यंत.

पुढल्या महिन्याच्या अकरा तारखेस एक बाई वीस कूपने घेऊन आल्या. त्यांचे यजमान मिलमध्ये बदली कामगार होते. महिनाअखेर त्यांच्याजवळ सतरा कूपने जमली होती. उरलेली तीन मुदतीनंतर, पगाराच्या दिवशी तेल-डाळ नेताना आमच्याच नोकराने दिली होती. मी मुदत दाखविली आणि पेला दिला नाही. त्या भांडल्या नाहीत. कूपने पुन्हा मोजली, गाठ मारली आणि निघून गेल्या. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या दोघी-तिघी हे पाहत होत्या, याकडे माझे लक्षही गेले नाही.

रात्री मेळ घालताना वडिलांनी विचारले, "कागद आपला, शिक्का आपला, तारीखही आपणच घातलेली; मग नाही कशाचे म्हटलेस?" मी नियम सांगितला. ते म्हणाले, "तारीख घालताना मिलचा पगार केव्हा होतो ते पाहिले होतेस काय?"

मी पाहिले नव्हते. वेतन-प्रदान अधिनियम हा १९३६ चा कायदा. त्यान्वये हजारांहून कमी माणसे असलेल्या कारखान्यात सातव्या दिवसापर्यंत आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसापर्यंत मागील महिन्याचा पगार चुकता करावयाचा असे. म्हणजे मिलवाल्याच्या घरात पैसा येई तो दहा तारखेच्या सुमारास. महिनाअखेरीस त्याच्या डब्यात काय असे ते वेगळे सांगावयास नको. माझी मुदत, त्याचा खिसा रिता असतानाच संपत होती. ती योजना मी ज्यांच्यासाठी काढली म्हणत होतो, त्यांनाच ती साधणार नव्हती. साधत होती ती तारखेच्या चिंतेत नसलेल्या दोन-चार नोकरदारांना.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला पेला घेऊन त्यांच्या घरी धाडले. बाईंनी तो घेतला नाही. "आमी काई भीक मांगाले नवतो आलो, भाऊ," एवढेच म्हणाल्या. त्या चाळीतली सात खाती पुढच्या तीन महिन्यांत आमच्याकडून उठली. हिशेब चुकता करून उठली, हे विशेष. एकाही घराने एक पैसा बुडविला नाही.

असो. आता या प्रकाराकडे जरा दुरून पाहू. श्रमिकास दुकानदाराच्या कागदाचा संशय का येतो? कारण अशा कागदांनी त्यास पिढ्यान्‌पिढ्या नाडले आहे. इंग्लंडात मालक मजुरीऐवजी स्वतःच्या दुकानावरची टोकने देत. ते बंद करण्यासाठी तेथे १८३१ मध्ये कायदा करावा लागला. आपल्याकडे आसामच्या चहामळ्यांतून मळ्याचीच टोकने चालत. ज्या १९३६ च्या कायद्याचा मी उल्लेख केला त्यातही मजुरी चलनी नाण्यांत वा नोटांतच द्यावी असे कलम होते, ते उगाच नव्हे. त्यातच कर्जाचा फास. व्हिटले आयोगाने १९३१ मध्ये आपल्या अहवालात लिहिले की बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोनतृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि पुष्कळांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. आपल्या जुन्या मध्यप्रांतात औद्योगिक कामगारांच्या कर्जाच्या निवारणासाठी १९३६ मध्ये स्वतंत्र कायदाच झाला. त्या कर्जाच्या वह्यांत सावकारांबरोबर दुकानदारही होते. ही गोष्ट ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलताना गिळून टाकणे मला योग्य वाटत नाही.

उलट बाजूही याच नागपुरास ठाऊक आहे. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. हजेरी नियमित राखणाऱ्या कामगारांना बक्षिसे देण्याची प्रथा जमशेटजी टाटांनी तेथे पाडली. ते देणे ठरलेले, सर्वांसमक्ष दिलेले आणि कामाच्या मोबदल्यात मिळवलेले होते. घेणाऱ्याची मान त्यात खाली जात नव्हती. ती मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. पण बेझनजी मेहतांसारख्या व्यवस्थापकाचे नाव 'बेझनबाग' म्हणून आजही शहरात घेतले जाते.

दुकानदारीत याहून बोधक उदाहरण रॉचडेलचे. इंग्लंडातील हे गाव विणकरांचे, आपल्या टिमकी-पाचपावलीसारखे म्हणा. तेथील अठ्ठावीस जणांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी एक छोटे दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ, मेणबत्त्या एवढाच माल. भाव बाजाराचाच ठेवला. मात्र हिशेबाअंती उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्यास परत दिला. पुढे अमेरिकेत १८९६ पासून स्पेरी आणि हचिन्सन या कंपनीने खरेदीवर हिरवी तिकिटे देण्याची टूम काढली. ती चिकटवून वही भरली की वस्तू मिळे. त्याच सुमारास कोका-कोलावाले एक पेला फुकट पिण्याची कूपने वाटून आपल्या पेयाची चव लोकांना लावीत होते. या तिहींना लोक एकाच माळेत ओवतात. माझ्या मते त्यांत मोठा भेद आहे. कोका-कोलाचे कूपन ही वानगी; हिरवे तिकीट ही सवय; रॉचडेलची परतफेड हा गिऱ्हाइकाचा हक्क. श्रमिकाच्या घरी हक्काचा कागद टिकतो.

रॉचडेलवाल्यांच्या एका नियमाशी मात्र माझे जमत नाही. त्यांनी उधारी समूळ वर्ज्य केली. आम्हीही आमचे कूपन रोखीवरच ठेवले होते आणि त्यामुळे महिनाभर वहीवर माल नेणारी, म्हणजे सर्वांत निकडीची घरे आपोआप वगळली गेली. बदली कामगारास, बांधकामावरच्या मजुरास, पहाटे ठिय्यावर जाऊन उभे राहणाऱ्यास 'रोखीनेच घ्या' म्हणणे म्हणजे 'उपाशी राहा' म्हणण्यासारखे आहे. पुढे वडिलांनी रीत बदलली. पगाराच्या आठवड्यात जो खाते निरंक करील, त्यासही रोखीवाल्याइतकीच कूपने मिळू लागली. वसुली सुधारली, तगादा कमी झाला आणि तगाद्याबरोबर जी कडवट बोलणी होतात तीही थांबली. मुदत तर आम्ही कायमची काढून टाकली. आमच्या सर्व खटाटोपात एवढी एकच गोष्ट अनुकरणीय आहे असे मी म्हणेन.

आता व्यवहाराचे बोलू. कूपने वाटणाऱ्या कित्येकांनी साधे गणित केलेले नसते. समजा, शंभर रुपयांच्या विक्रीत आपणांस आठ रुपये सुटतात. त्यांतून दोन रुपयांची कूपने दिली तर सहा उरले. पूर्वीचे आठ रुपये पदरात पडण्यास विक्री शंभरावरून सुमारे एकशे तेहेतीसवर न्यावी लागेल; म्हणजे तीन गिऱ्हाइकांमागे चौथे नवे मिळाले पाहिजे. हे घडत नाही तेव्हा दुकानदार दोन आडवाटा धरतो. एक तर भाव हळूच चढवितो, किंवा कूपने परत येऊ नयेत अशी तजवीज करतो. पहिल्या वाटेवर कायदा उभा आहे. १९६९ च्या मक्तेदारीविषयक अधिनियमात १९८४ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने किंमत मालातच वसूल करून वस्तू 'फुकट' म्हणून देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. देण्याचा इरादा नसता बक्षीस जाहीर करणेही तीतच आले. १९८६ आणि पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही तेच धोरण चालविले. विक्री वाढविण्यासाठी काढलेली सोडतही त्याच कलमांत आहे. दिवाळीत 'भाग्यवान ग्राहक' म्हणून स्कूटरचा फलक लावणाऱ्या आपल्या तरुण मित्रांनी एकदा वकिलाकडून ती कलमे समजून घ्यावीत. शिवाय शंभरांनी कूपन घेऊन एकाने स्कूटर नेली, तर दुकानाविषयी सद्‌भाव कितीजणांच्या मनात राहिला?

दुसरी वाट, कूपन परत न येण्याची, हिला कायदा क्वचितच गाठतो. अक्षर बारीक छापावे, माल संपल्याचे सांगावे, 'उद्या या' म्हणावे. रोजंदारीच्या माणसाचा 'उद्या' किती महाग असतो! दोन रुपयांच्या वस्तूसाठी त्याने दोन खेपा घातल्या की आपण त्यास काही दिले नाही, त्याचेच घेतले.

एक आडबाजूचा प्रकारही सांगण्याजोगा आहे. रंगाच्या डब्यांत कारखानदार टोकन घालतात, हे आपल्यातील रंगविक्रेत्यांना ठाऊक आहेच. कित्येक कारखानदारांनी आता त्याऐवजी मोबाइलने टिपावयाची खूण छापली आहे. ते टोकन घरधन्यासाठी नसते, रंगाऱ्यासाठी असते. रंगारी ते दुकानात देऊन पैसे घेतो आणि पुढल्या वेळी त्याच कारखान्याचा रंग सुचवितो. श्रमिकास जाहिरातदार करण्याची ही युक्ती बिनतोड खरी. परंतु डब्याचे पैसे घरधनी मोजतो आणि टोकनाची त्यास वार्ताही नसते. रंगाऱ्याच्या हाती चार पैसे पडतात याचा मला संतोष आहे. दुकानदाराने ते टोकन वटविताना त्यातून कसर कापावी, हे मात्र मला मुळीच मान्य नाही. आणि असे होते, हे मी रंगाऱ्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

आज मिल गेल्या. बुटीबोरी, हिंगणा, मिहान येथील कंत्राटी कामगाराचा पगार बँकेत जमा होतो आणि खरेदीची परतफेड त्याच्या मोबाइलवर 'कॅशबॅक' म्हणून दिसते. मोठ्या कंपन्यांची ही कूपने आपणांस पैशांच्या बळावर जिंकता येणार नाहीत. पण त्या कंपनीस त्याच्या घरचे आजारपण ठाऊक नसते, त्याचे काम कोणत्या महिन्यात बसते हे ठाऊक नसते. आपणांस असते. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेल्या पोरांच्या हातावर आपण बोजारा ठेवतो, तेव्हा त्यांच्या बापाचे खाते किती थकले आहे हे पाहत नाही. त्या ओळखीच्या पायावरच आपले कूपन उभे राहू शकेल.

म्हणून माझी मंडळापुढे एक सूचना आहे. एकाच वस्तीतील आपल्या आठ-दहा दुकानदारांनी मिळून एकच कूपन काढावे. किराणा, कापड, भांडी, वह्या-पुस्तके, कोठेही चालणारे. त्यावर मुदत नसावी, वस्तूऐवजी रुपयांचा आकडा असावा, आणि ते आणणाऱ्यास कोणत्याही दुकानात प्रश्न न विचारता तेवढ्याचा माल मिळावा. दुकानदारांनी आपापसांतला हिशेब महिन्याने करावा. पूर्वीच्या पेढ्या करीतच होत्या. वाटलेली परंतु परत न आलेली कूपने नफ्यात न धरता देण्यात धरावीत. येत्या लक्ष्मीपूजनास नव्या वहीत 'कूपनांचे देणे' असे एक पान प्रत्येकाने उघडले, तर आपण काय लिहून दिले आहे याचा अंदाज राहील.

ज्यांना आपल्या दुकानाच्या आकड्यांनिशी हे ताडून पाहावयाचे असेल त्यांनी वही घेऊन यावे. संमेलनाचे तिन्ही दिवस दुपारी मी मंडळाच्या कार्यालयात बसणार आहे.