दुर्गम भागातील दूरसंचार : बॅटरीची शिदोरी



२०२४ साली अहिल्यानगर हे नाव धारण केलेला अहमदनगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. त्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड व हरिश्चंद्रगडाच्या रांगा आणि अखंड कोसळणारा पाऊस. तर पूर्वेस पाथर्डी, जामखेड, कर्जत या तालुक्यांत अवर्षण आणि कडक उन्हाळा. या दोन्ही टोकांच्या वाड्यावस्त्यांना जोडणारा एक नवा दुवा म्हणजे मोबाईलचा टॉवर. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, रास्त भाव दुकानातील यंत्र, बँकेचे व्यवहार, पावसाचा इशारा ही सारी कामे आज त्याच्या आधाराने चालतात. परंतु टॉवर उभा असणे वेगळे आणि तो चालू असणे वेगळे. वीज गेल्यानंतर तो किती तास बोलता राहतो, हे त्याच्या पायथ्याशी असलेल्या बॅटरीवर अवलंबून असते.

संदेशास विलंब झाल्यास काय होते, हे सह्याद्रीच्या कुशीतील गावांस ठाऊक आहे. ३० जुलै २०१४ रोजी पहाटे शेजारच्या पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. एस. टी. बसच्या चालकास नेहमीच्या जागी गाव दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर पोहोचली. संकटाच्या वेळी जवळच्या वस्तीतून तत्काळ निरोप जाणे किती मोलाचे असते, याची ही घटना साक्ष देते. आणि ज्या रात्री झाडे पडून वीजवाहिन्या तुटतात, नेमकी तीच रात्र अशा निरोपाची असते.

टॉवरची शिदोरी

टॉवरवरील यंत्रे महावितरणच्या विजेवर थेट चालत नाहीत. रेक्टिफायर नावाचे उपकरण त्या विजेचे ४८ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करते. हा प्रवाह यंत्रे चालवितो आणि त्याच वेळी बॅटरीही भरतो. वीज जाताच बॅटरी क्षणाचाही खंड न पडू देता भार उचलते. ४८ व्होल्टची ही प्रथा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजपासून चालत आलेली आहे. शिशाच्या बॅटरीचा एक घट २ व्होल्टचा. असे २४ घट ओळीने जोडले की ४८ व्होल्ट होतात.

बॅटरीची क्षमता ॲम्पिअर-तासांत मोजतात. उदाहरणादाखल, ३०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी ३० ॲम्पिअरच्या भारास कागदोपत्री १० तास पुरावी. परंतु शिशाची बॅटरी तळापर्यंत उपसली की लवकर निकामी होते. म्हणून ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच वापरावयाची. अर्थात हाती आले ८ तास.

खरा प्रश्न पुढेच आहे. या ८ तासांत जेवढी वीज काढली, तेवढी आणि थोडी अधिक परत भरावी लागते, आणि शिशाची बॅटरी सावकाश भरते. तिला पूर्ण भरण्यास दहा-बारा तासांचा अखंड पुरवठा हवा. दिवसातून सहाच तास वीज मिळाली, तर दुसऱ्या दिवशी बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत कामास लागते, तिसऱ्या दिवशी त्याहूनही रिती. अशी अर्धपोटी राहिलेली बॅटरी आतून सल्फेटचा थर धरते आणि तिची क्षमता कायमची घटते. तात्पर्य, बॅटरी किती मोठी आहे याइतकेच तिला भरण्यास किती अवधी मिळतो, हेही महत्त्वाचे आहे. मिळकत नसेल तर मोठी तिजोरीही रितीच राहते.

पूर्वेस ऊन, पश्चिमेस पाऊस

एकच योजना संपूर्ण जिल्ह्यास लागू पडणार नाही. शिशाच्या बंद बॅटरीचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. सुमारे २५ अंश सेल्सिअसच्या वर तापमान १० अंशांनी सतत चढे राहिल्यास तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. पाथर्डी किंवा जामखेडच्या उन्हात तापणाऱ्या लोखंडी पेटीत ती अकाली म्हातारी होते. तेथे सावली, वायुवीजन आणि उष्णता सोसणारी बॅटरी यांवर केलेला खर्च वाया जात नाही. सौरऊर्जाही या भागात उत्तम साथ देते.

अकोल्याच्या घाटमाथ्याची गोष्ट निराळी. घाटघर, रतनवाडीकडे जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस सूर्यदर्शन होत नाही, आणि वीज वारंवार जाण्याचा काळही तोच. केवळ सौर पट्ट्यांवर विसंबल्यास ऐन गरजेच्या वेळी शिदोरी संपेल. येथे वीजवाहिनी, सौर पट्ट्या आणि डिझेल जनित्र यांचा मेळ घालावा लागतो. आणि जनित्राचे डिझेल पावसाळ्यापूर्वीच वर पोहोचवावे लागते. लिथियमची बॅटरी महाग असली तरी लवकर भरते आणि अर्धवट भरलेली राहिली तरी शिशाच्या बॅटरीइतकी खंगत नाही. ज्या ठिकाणी वीज थोडा वेळच येते, तेथे हा गुण मोलाचा ठरतो.

याच घाटघरला साठवणुकीचा एक भव्य वस्तुपाठ उभा आहे. २००८ साली सुरू झालेल्या २५० मेगावॅटच्या घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पात मागणी कमी असताना वीज वापरून पाणी वरच्या जलाशयात चढविले जाते आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण केली जाते. वर चढविलेल्या पाण्याइतकेच पाणी पुन्हा खाली सोडता येते, हा तेथील नियम. टॉवरच्या पायथ्याच्या बॅटरीलाही नेमका हाच नियम लागू आहे.

ग्रामपंचायतीची नोंदवही

जेथे मोबाईल सेवा पोहोचलेली नाही अशा देशातील २४,६८० गावांत ४-जी सेवा नेण्यासाठी २७ जुलै २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २६,३१६ कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली. नवे टॉवर येतील. ते चालू राहावेत यासाठी गावाचा डोळसपणा हवा.

टॉवरची दुरुस्ती हे ग्रामपंचायतीचे काम नव्हे. मात्र एक साधी नोंदवही ती ठेवू शकते. वीज केव्हा गेली, रेंज केव्हा गेली, वीज केव्हा परतली, असे तीन रकाने पुरेत. शाळेतील वरच्या वर्गाचे विद्यार्थीही शिक्षकांच्या देखरेखीखाली या नोंदी घेऊ शकतील. पूर्वी सहा तास टिकणारी सेवा आता तासाभरात बंद पडत असेल, तर बॅटरी थकली असण्याचा संभव अधिक. पहिल्या दिवशी टिकून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बंद पडत असेल, तर ती पुरेशी भरत नसावी. गावातील वीज चालू असूनही रेंज नसेल, तर दोष अन्य टॉवरवर असू शकतो. कारण डोंगराळ भागात एक टॉवर दुसऱ्यास संदेश पोहोचवितो आणि मधला एक दुवा निखळला की पुढील अनेक गावे मुकी होतात. अशा मधल्या टॉवरला अधिक तासांची बॅटरी असणे इष्ट. ‘रेंज नाही’ या मोघम तक्रारीपेक्षा तारीख-वेळेसह दिलेला अर्ज दूरसंचार कंपनी आणि तहसील कार्यालय या दोहोंच्याही अधिक उपयोगी पडेल.

याखेरीज तीन गोष्टी गावाच्या हाती आहेत. टॉवरकडे जाणारी वाट व वीजवाहिनीलगतच्या फांद्या यांची पाहणी पावसाळ्यापूर्वी संबंधितांकडून करवून घेणे. बॅटरीच्या चोरीवर लक्ष ठेवणे. आणि जुन्या बॅटऱ्या गावात फोडल्या वा वितळविल्या जाणार नाहीत, याची दक्षता घेणे. शिसे विषारी आहे. मुलांच्या मेंदूवर त्याचा दुष्परिणाम होतो. वापरलेल्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेल्या पाहिजेत, अशी तरतूद २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत आहे.

गावाच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात दोर, विजेऱ्या, औषधे यांची यादी असते. त्या यादीत ‘टॉवर वीजेविना किती तास चालतो’ ही एक ओळ वाढविण्यास काही खर्च येत नाही. त्या ओळीपुढील आकडा मे महिन्यात तपासलेला असला, तर जुलैच्या काळोख्या रात्री तो एखाद्या वाडीस मोठा आधार देईल.