दवंडी आणि निरोपांची गर्दी

पूर्वीं गांवांत दवंडी पिटली म्हणजे हातांतलें काम टाकून माणसें दारांत येत. डफडें क्वचित् वाजावयाचें, म्हणून त्याला मान होता. आज भंडारा जिल्ह्यांतील तलाठ्याच्या खिशांत असें डफडें दिवसभर वाजत असतें. त्याचें नांव व्हॉट्सॲप. तहसिलीचा गट निराळा, निवडणुकीचा निराळा, ई-पीक पाहणीचा निराळा. प्रत्येक गटांत हुकूम येतो आणि हुकुमामागें ‘ओके साहेब’ची रांग लागते. शुभप्रभातीचीं फुलें आहेतच.

या रांगेचा हिशेब एकदां मांडून पाहण्यासारखा आहे. अधिकारी धरून ६१ जणांचा गट आहे, असें समजावें. साहेबांनीं एक निरोप धाडला आणि ६० जणांनीं पोंच दिली. प्रत्येक पोंच उरलेल्या ६० जणांकडे जाते. म्हणजे एका निरोपापायीं पोंचेच्याच ३,६०० घंट्या वाजल्या! यांत कामाची घंटी कोणती, हें कानानें कसें ओळखावें? शेवटीं माणूस गटाचा आवाजच बंद करतो. २०२० पासून तो कायमचा बंद ठेवण्याचीहि सोय झाली आहे. त्याला दोष देतां येत नाहीं. पण गलक्याबरोबर इशाराहि मुका होतो.

वैनगंगेच्या कांठीं ही गोष्ट थट्टेची नव्हे. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशांतील संजय सरोवराचें पाणी सुटलें, नदी फुगली आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलें. पवनी तालुक्यांत गोसीखुर्दचें धरण आहे, त्याला ३३ दरवाजे. अशा ठिकाणीं ‘पाणी सोडलें’ हे दोन शब्द ६० पोंचांच्या तळाशीं दडले, तर गोठ्यांतलीं गुरें सोडावयासहि अवधि उरणार नाहीं.

कनिष्ठ माणूस पोंच देतो तरी कशासाठीं? गप्प राहिलें तर वरिष्ठ त्याला अवज्ञा समजतील, या भीतीनें. वास्तविक धाडलेल्या निरोपाची माहिती उघडली कीं, तो कोणीं वाचला याची यादीच अधिकाऱ्यास दिसते. गटांत प्रमुखांनींच लिहावें, अशी व्यवस्थाहि २०१८ पासून आहे. औषध कपाटांत आहे. पण किल्ली डफडें वाजविणाऱ्यापाशीं. त्याच २०१८ सालीं सुप्रिया सुळे यांनीं लोकसभेंत खासगी विधेयक मांडलें होतें. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या निरोपास उत्तर न देण्याचा हक्क नोकरास असावा, अशी त्यांत मागणी होती. त्याचा कायदा झाला नाहीं. आणि झाला असता तरी पूर कांहीं कचेरीची वेळ पाहून येत नाहीं.

म्हणून पुराच्या इशाऱ्याचा गट एकच असावा. त्यांत फुलें नकोत, पोंचहि नको. बाकीचे गट खुशाल मुके राहूं द्यावेत. इशारा धाडल्यावर दहा मिनिटांत ज्याचें नांव वाचणारांच्या यादींत येणार नाहीं, त्याला तहसिलींतून सरळ फोन लावावा.