प्रसविकेचे मनोबल

निपाणी परिसरातील विडी वळणारी स्त्री दिवस भरत आले तरी हजारीच्या हिशेबात गुंतलेली असते. तिच्या वेदनांची भाषा बहुधा मराठी, दप्तराची कन्नड. सपाट प्रदेशात ५,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र हा निकष. तेथील प्रसविकेला अवेळी एकटीनेच निर्णय घ्यावा लागतो. कौशल्य असूनही कळा लांबल्या की ‘उद्या ठपका माझ्यावरच’ या धास्तीने हात आखडतो. निष्कारण पाठवणी होते, क्वचित नोंदही झाकली जाते. मासिक अहवालात ही धास्ती कोठे दिसावी? केंद्राने २०१८ मध्ये परिचारिकांसाठी प्रसविकेचे १८ महिन्यांचे प्रशिक्षण आखले, हे योग्यच. परंतु दूरध्वनीवर तत्काळ सल्ला देणारा वैद्यकीय अधिकारी आणि चौकशीत ‘कोणी केले’ याआधी ‘कसे घडले’ हे विचारणारा वरिष्ठही तिला हवा.